ड्युटीचा अंदाज आणि प्रत्यक्ष चलान: काय करावे, काय टाळावे

नाशिकमधल्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखानदारांना आयात नवी नाही. कोणी तैवानहून मशिनिंग सेंटर मागवतो, कोणी जर्मनीहून जुने ग्राइंडिंग मशीन. वायनरीवाले फ्रान्सहून ओकची पिंपे आणतात. माल न्हावाशेवाला सुटतो किंवा सीलबंद कंटेनरमधून जानोरीच्या कस्टम डेपोत येतो. ऑर्डर देताना काढलेली ड्युटी आणि शेवटी भरलेले चलान मात्र क्वचितच जुळते, आणि राग निघतो सीएचएवर, म्हणजे कस्टम एजंटवर. बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. आपण प्रोफॉर्मा इन्व्हॉइसची किंमत आणि ऑर्डरचा दिवस धरतो. कस्टम कायदा किंमतही वेगळी मोजतो आणि दिवसही वेगळा धरतो.

काय करावे

• भाड्याची पावती हातात ठेवा. ड्युटी विमा आणि भाड्यासह किमतीवर लागते. इन्व्हॉइस एफओबी असेल आणि भाड्याचा, विम्याचा पुरावा नसेल, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार भाड्यापोटी एफओबीच्या २० टक्के आणि विम्यापोटी १.१२५ टक्के धरले जातात. ५०,००० युरोच्या मशीनवर हे १०,५६२ युरो झाले. प्रत्यक्ष भाडे यापेक्षा बरेच कमी असेल, तर एका न जोडलेल्या कागदासाठी जास्तीची ड्युटी भरावी लागते. विमानाने आलेल्या मालाला मात्र भाड्याची कमाल मर्यादाच २० टक्के आहे. एक्स-वर्क्स खरेदीत परदेशातल्या बंदरापर्यंतची वाहतूकही किमतीत मिळवा. ती हमखास विसरली जाते.

• दोन तारखा वेगळ्या लिहा. विनिमय दर बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवशीचा, आणि तोही बँकेचा नव्हे, कस्टमने जाहीर केलेला. ड्युटीचा दर मात्र बिल ऑफ एंट्रीची तारीख आणि जहाजाच्या एंट्री इनवर्डची (माल उतरवायच्या परवानगीची) तारीख यांतली जी नंतरची, त्या दिवसाचा. म्हणून बिल ऑफ एंट्री आगाऊ सादर केले आणि जहाज १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर लागले, तर बदललेला दर लागू शकतो.

• आयजीएसटी वेगळ्या रकान्यात मांडा. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी धरला, तर एकूण बोजा २७.७३५ टक्के येतो, कारण आयजीएसटी किंमत अधिक ड्युटी अशा बेरजेवर बसतो. यातला खरा खर्च ८.२५ टक्के. उरलेले सहसा जीएसटीत क्रेडिट म्हणून मिळते, पण रोकड आधी लागते. युरो एका रुपयाने वाढला तर वरच्या मशीनवर, भाडे-विमा न धरताही, ड्युटी आणि आयजीएसटीपोटी सुमारे १३,९०० रुपये जास्त लागतील, हेही तिथेच नोंदवा.

• जुन्या मशीनसाठी चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल आधी मागवा. इथे सर्वांत मोठी तफावत पडते. तुम्ही दिलेली किंमत अधिकाऱ्याला पटली नाही, तर मशीन नवे असतानाची किंमत काढून त्यातून घसारा वजा केला जातो, आणि तो व्यवहारात ७० टक्क्यांच्या पुढे जात नाही. वीस वर्षांचे मशीन भंगाराच्या भावात मिळाले तरी ड्युटी त्या भावावर लागेलच असे नाही.

• मोठी सवलत मिळाली तर तिचे कारण पुरवठादाराकडून लेखी घ्या. मुंबई कस्टमविरुद्ध आयशर ट्रॅक्टर्सच्या खटल्यात जुन्या साठ्यातल्या बेअरिंगवर ७७ टक्के सवलत होती. खास परिस्थिती नसताना प्रत्यक्ष दिलेली किंमतच मानली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. हा निकाल आयातदाराच्या फार उपयोगाचा आहे, पण सवलतीमागचे कारण कागदावर असेल तरच.

• मशीन इथे आल्यावर उभारणीसाठी होणारा खर्च इन्व्हॉइसमध्ये वेगळा दाखवायला सांगा. एकत्र लिहिला तर त्यावरही ड्युटी भराल.

काय टाळावे

• पुरवठादाराचा एचएस कोड जसाच्या तसा उचलू नका. पहिले सहा आकडे जगभर समान असतात. ड्युटी आपल्या आठ आकड्यांवर ठरते. २०२० पासून तपासणी फेसलेस झाली आहे, म्हणजे न्हावाशेवाच्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहतो. "इथे आजवर असेच चालत आले" हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. शंका मोठी असेल तर ऑर्डरपूर्वीच मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा.

• एक यंत्र पाच खेपांत आणून 'सुटे भाग' म्हणू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस निघाली ती याच मुद्द्यावर. सुटे भाग म्हणून दाखवलेला माल म्हणजे जवळजवळ अख्खी गाडीच, असा कस्टमचा दावा आहे. कंपनीला तो मान्य नाही आणि तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या लहान उद्योगाला असा खटला पेलणार नाही.

• जुनी एक्सेल शीट वापरू नका. तिच्यात १ टक्का लँडिंग चार्ज असेल, तर तो सप्टेंबर २०१७ मध्येच रद्द झाला आहे.

• डाय, टूलिंग किंवा परदेशात करून घेतलेल्या डिझाइनचे वेगळे दिलेले पैसे लपवू नका. ते किमतीत मिळवावेच लागतात. लपवल्याचे सिद्ध झाले तर मागणी पाच वर्षे मागे जाते.

• जपान किंवा कोरियाहून माल येतो म्हणून सवलतीचा दर गृहीत धरू नका. सप्टेंबर २०२० पासून माल तिथेच तयार झाल्याची माहिती आयातदाराकडे असावी लागते. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही.

• कस्टमने आकारणीत केलेला बदल पटत नसेल तर घाईत 'मान्य' लिहून देऊ नका. माल अडकला, डेमरेज चढते, म्हणून अनेक जण सही करून मोकळे होतात. तशी लेखी संमती दिली नसेल, तर अधिकाऱ्याने १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यायचा असतो. तो मागा. आधी भरू आणि मग रिफंड मागू, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात बंद केला आहे: आकारणीत बदल करून घेतल्याशिवाय परतावा मिळत नाही. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ६० दिवस आहे.