यवतमाळ ते लंडन : पहिल्या विमानप्रवासाची शिदोरी

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील कापूस बंदरापर्यंत आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचावा, म्हणून मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे घालण्यात आली. आज कापूस पिकविणाऱ्यांची मुले-मुली उच्च शिक्षणासाठी त्याच दिशेने निघू लागली आहेत. या जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम केलेले राजू केंद्रे हे शेतकरी कुटुंबातील तरुण २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस या संस्थेत शिकण्यासाठी गेले. ज्या घरात यापूर्वी कोणी विमानात बसलेले नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला या प्रवासासाठी काय ठाऊक असावे, याचा येथे विचार केला आहे.

५८ दिवसांवरून दहा तासांवर

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बोटीनेच अमेरिकेस गेले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे झेपावले आणि एअर इंडियाची परदेशी सेवा सुरू झाली. आज मुंबई ते लंडन हे अंतर नऊ ते दहा तासांत थेट कापले जाते. प्रवास सुकर झाला. मात्र त्याआधीची तयारी अद्याप दीर्घ आहे.

तयारी शाळेपासून

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता व विमानभाडे दिले जाते. आदिवासी विकास व बहुजन कल्याण विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. कोलाम, गोंड व बंजारा समाजांची मोठी वस्ती असलेल्या या जिल्ह्यात त्यांची माहिती प्रत्येक शाळेत असणे अगत्याचे आहे.

गुणवत्ता असूनही विद्यार्थी अडतो तो बहुधा कागदपत्रांपाशी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, अशी स्थिती असल्यास व्हिसा लांबतो. विद्यापीठाचे सत्र कोणासाठी थांबत नाही. आठवड्याभराच्या विलंबाने वर्ष हातचे जाऊ शकते. म्हणून नाव व जन्मतारखेची दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असतानाच करून घ्यावी. जात वैधता व उत्पन्न प्रमाणपत्रे वेळेवर काढावीत. सहा महिन्यांहून अधिक काळ इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयास मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो.

निघण्याचा दिवस

यवतमाळहून नागपूर विमानतळ सुमारे १५० किलोमीटर आहे. नागपूर–मुंबई आणि मुंबई–लंडन ही दोन्ही उड्डाणे शक्यतो एकाच तिकिटावर असावीत. पहिल्या विमानास उशीर होऊन पुढचे चुकले, तर पुढील व्यवस्था करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. तिकिटे वेगळी असल्यास तो भार विद्यार्थ्यावर पडतो.

पारपत्र, प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. भ्रमणध्वनीची जादा बॅटरीही तेथेच ठेवावी. ती मोठ्या सामानात टाकण्यास मनाई आहे. आईने दिलेले लोणचे मात्र मोठ्या सामानात बांधावे, कारण हातातील पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सामान्यतः चालत नाही. दुधाचे व मांसाचे पदार्थ इंग्लंडमध्ये नेता येत नाहीत.

घड्याळाचे गणित

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, म्हणून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात इंग्लंडमधील घड्याळे एक तास पुढे केली जातात, तेव्हा हे अंतर साडेचार तासांचे होते. सप्टेंबरात मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तासांनी उतरले, तर लंडनमध्ये सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. यवतमाळात तेव्हा मध्यरात्र असते. शरीर मात्र यवतमाळचीच वेळ पाळत असते. ते नव्या वेळेला रुळण्यास काही दिवस लागतात. भूगोलाच्या तासाला हे उदाहरण अवश्य सोडवून घ्यावे.

विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जाते. तेथे बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्या आसपास असते. आतील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील डोंगरासारखा ठेवलेला असतो आणि हवा कोरडी असते. म्हणून पाणी वरचेवर प्यावे. उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात; आवंढा गिळल्याने किंवा जांभई दिल्याने ते मोकळे होतात. एकाच जागी फार वेळ बसल्याने पायांत रक्त साकळण्याचा संभव असतो. तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे.

गावाची जबाबदारी

ग्रामसभेत शिष्यवृत्ती योजनांचे वाचन करणे, मुख्याध्यापकांनी दाखल्यांची पडताळणी करणे आणि तलाठी व ग्रामपंचायत कार्यालयाने आपल्याकडील दाखले मुदतीत देणे, ही कामे दिसायला लहान आहेत. परंतु शेतमजुराची मुलगी परदेशी विद्यापीठाच्या दारात वेळेवर उभी राहते की नाही, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. विमान नागपूरहून उडते हे खरे. त्याची धावपट्टी गावातच तयार करावी लागते.