वजन आणि गणती : लोकेषणेचा विचार

'कीर्ती' आणि 'कीर्तन' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. धातुपाठात 'कॄत्' हा धातू 'संशब्दन' म्हणजे शब्दाने प्रकट करणे या अर्थी दिला आहे. दुसऱ्याचे गुण मोठ्याने सांगणे ते कीर्तन, आणि त्या सांगण्याने त्या दुसऱ्याचे जे नाव पसरते ती कीर्ती. सांगणारा एक आणि ज्याचे सांगायचे तो दुसरा, हा भेद दोन्ही शब्दांत गृहीत आहे. दोघे एकच झाले, की त्या प्रकाराला कीर्तन म्हणत नाहीत; आपल्या बोलीत त्याला 'स्वतःचीच आरती ओवाळणे' म्हणतात. आजच्या पाठात हा भेद मोबाइलच्या पडद्याला लावून पाहावयाचा आहे.

विषय घराघरांत शिरलेला आहे म्हणून तो घेतला. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कोठेही सप्ताहास जावे, तर चांगली शिकती पोरे म्हणतात, "महाराज, आम्हाला इन्फ्लुएन्सर व्हायचंय." म्हणजे काय? तर ज्याच्या सांगण्याने चार लोक एखादी वस्तू घेतात, तसे कपडे घालतात, तसे बोलतात, असा माणूस. अहो, असा माणूस गावात पूर्वीही होता. त्याला आपण 'वजन असलेला माणूस' म्हणत होतो. त्याने बांधावरचे भांडण मिटवले, अडल्या घरचे लग्न उभे केले, दुष्काळात कणगी उघडली; वीस वर्षांनी त्याच्या शब्दाला वजन आले. आता वजनाच्या जागी गणती आली आहे. आमच्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. मंचरच्या बाजारात कांदा कोणी नगावर विकत नाही. गोणी काट्यावर चढते, तेव्हाच भाव ठरतो.

ही गणती तरी काय आहे ते पाहू. आमच्याकडे पोरे सांगतात, "लाख व्ह्यू गेले." ऐकणाऱ्याला वाटते, लाख माणसे बसून ऐकून गेली. तसे नाही. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने आपल्या छोट्या व्हिडिओंची मोजणी बदलली. व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, की एक व्ह्यू धरला जातो. किती वेळ पाहिला याची अट नाही. अंगठा वर सरकवताना जे डोळ्यांपुढून गेले तेही मोजले. गंमत पुढेच आहे. पैसे देण्याचा हिशेब मात्र त्या कंपनीने वेगळा ठेवला आहे. तेथे खरोखर थांबून पाहिलेलेच धरतात. म्हणजे दुकानदाराने दोन वह्या केल्या. एक पोरांना दाखवण्याची, फुगलेली. दुसरी स्वतःच्या तिजोरीची, नेमकी. आणि आमचे पोर पहिली वही छातीशी धरून झोपते.

बरे, दुसऱ्या वहीत नाव लागणे तरी सोपे आहे काय? तेथील जाहिरातींचा वाटा मिळावा यासाठी १००० सबस्क्राइबर आणि त्याखेरीज १२ महिन्यांत लोकांनी ४००० तास पाहिलेले असावे लागते, किंवा छोट्या व्हिडिओंना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू पडावे लागतात. हजारो पोरे या उंबरठ्याच्या अलीकडेच राबत राहतात. त्यांच्या राबण्याने पडदा भरलेला राहतो आणि बाजार चालतो. आपण विक्रेते आहोत असे त्यांना वाटते. खरे पाहता बघणाऱ्याचे लक्ष हा विकला जाणारा माल आहे आणि ही पोरे त्या मालाचे बिनपगारी हमाल आहेत.

आता मालकीचा विचार करू. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. त्या वेळी भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरणारे असल्याचे सांगितले जात होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील किती तरी मुलेमुली त्यावर नाचत, गात, नकला करत; कित्येकांना लाखोंनी फॉलोअर होते. बंदी पडली आणि ते लाखो लोक नाहीसे झाले. मेले नाहीत, रागावले नाहीत. जेथे होते तेथेच आहेत. पण त्यांना हाक मारण्याची वाट बंद झाली, कारण ती वाट परक्याच्या वावरातून जात होती. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. जी कीर्ती एका हुकुमाने एका रात्रीत जाते, ती आपली होती असे कसे म्हणावे?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनी कहोलाला तीन एषणा सांगितल्या आहेत : पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. मूळ श्रुतीत 'लोक' म्हणजे परलोक, हे ध्यानात ठेवावे. पण व्यवहारात लोकेषणा म्हणजे लोकांनी आपल्याला मानावे ही तहान, असा अर्थ रूढ झाला आहे. याज्ञवल्क्य पुढे म्हणतात, की या वेगळ्या दिसतात पण एकच आहेत. एकीतून दुसरी निघते. मोबाइलवर हे रोज दिसते. आधी नाव हवे, नावातून पैसा हवा, पैसा आला की तो टिकावा म्हणून अधिक नाव हवे. आणि त्यासाठी कालच्यापेक्षा आज काही तरी अधिक धाडसाचे दाखवावे लागते. आमच्या भागात विहिरीत बिबट्या पडला, की वनखात्याची माणसे येण्याआधी काठावर मोबाइल गोळा होतात. जनावर बिथरते आणि सोडवणाऱ्यांचे काम अवघड होते. पावसाळ्यात नाणेघाटात, माळशेजात कड्याच्या टोकावर उभी राहणारी पोरे पाहून काळीज हलते. जुलै २०२४ मध्ये रायगडातील माणगाव तालुक्यात, कुंभे धबधब्यापाशी चित्रफीत घेताना मुंबईची एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. प्रवासाच्या चित्रफितींमुळे तिचे पुष्कळ नाव होते. त्या आईबापांना त्या आकड्यांचे काय करायचे?

येथे शंका अशी येते, की कलावंताला नाव नको काय? नावाखेरीज त्याचे पोट कसे भरेल? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. कीर्तनकाराने तमाशाचा दाखला द्यावा का, असे कोणी म्हणेल. पण गुण असेल तेथून घ्यावा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. त्या गावाचे नाव लावणाऱ्या विठाबाई नारायणगावकर १९३५ साली जन्मल्या. खरी विद्या, जन्मभराची मेहनत, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, सारे त्यांना मिळाले. तरी उतारवयात त्यांना पैशाची ओढगस्त सोसावी लागली. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज राज्य शासन तमाशातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देते. खऱ्या कीर्तीनेही म्हातारपणी भाकरीची हमी दिली नाही, तर नुसत्या गणतीने ती कोठून मिळावी?

पण त्यांची एक हकिकत सांगतात, ती या पाठाचे मर्म आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा आल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या. समोरच्या लोकांनी पाहिले, ओळखले आणि हात जोडून सांगितले, "बाई, आता खेळ पुरे, विश्रांती घ्या." तिकीट काढून आलेला तो समाज होता, पण त्याला डोळे होते. यंत्राला गणती येते, दया येत नाही. पोर तापाने फणफणले असले तरी पडदा म्हणतो, आज काही टाकले नाहीस, तुझा आकडा खाली आला.

हा रोग कीर्तनाच्या फडापर्यंतही आला आहे, म्हणून आपल्या मंडळींशी दोन शब्द. सप्ताहाची मंडळी आता विचारतात, "त्या महाराजांचे व्ह्यू किती?" दोन तासांच्या निरूपणातून अर्ध्या मिनिटाचा विनोद कापून फिरवला जातो. अभंग मागे राहतो, टाळकरी आणि मृदंगाचार्य चौकटीत येतच नाहीत, आणि तोडलेल्या वाक्याचा अर्थ भलताच होतो. मग तरुण कीर्तनकार अभंग निवडताना हशा कोठे येईल ते आधी पाहतो. आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्याच्या मुखातून वेद बोलले गेले अशी त्याची ख्याती. पण बोलविता धनी माउली, हे लहान पोरही जाणते. ओतूरला, ज्यांनी तुकोबांना मंत्र दिला, त्या बाबाजी चैतन्यांची समाधी परंपरेने मानतात. त्यांचे चरित्र म्हणाल तर एका पानात संपते. पण त्यांनी दिलेले तुकोबांनी किती वाढवले!

मोबाइल फोडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. टोमॅटोचा भाव त्यावर कळतो, परगावच्या लेकीचे तोंड दिसते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला कीर्तन ऐकता येते. ज्याला शिकवण्यासारखे काही येते त्याने ते जरूर दाखवावे. फक्त घरातल्या मोठ्यांनी पोराजवळ बसून तीन गोष्टी विचाराव्यात. हा आकडा कोणी मोजला? उद्या ही वाट बंद झाली तर तुझ्या हातात कोणती विद्या राहील? आणि तू आजारी पडलास तर यांतले कोण दारात येईल? रागावून नव्हे, जेवताना, पाठीवर हात ठेवून विचारावे. आकडा पडला म्हणून जेवण टाकणारी पोरे आता खेड्यातही आहेत; त्यांना उपदेशाआधी सोबत हवी.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्व सांगताना माउलींनी शेतकऱ्याचा दृष्टान्त घेतला आहे : शेतकरी पेरलेले बी मातीखाली झाकतो, तसे दानपुण्य झाकावे. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हा दृष्टान्त फोड करून सांगावा लागत नाही. पेरलेले बी रोज उकरून कोणी शेजाऱ्यास दाखवत नाही. दाखवील त्याचे उगवणार नाही. गुणाचेही तसेच आहे. काही वर्षे ते मातीखाली असू द्यावे, आणि तोवर घरच्यांनी पाणी द्यावे. इत्यलम्.