फाइलचं नाव नीट, तर कागद सापडे झटपट



कर्जाचं प्रकरण करायचं म्हटलं की आता निम्मे कागद मोबाइलवरूनच पाठवावे लागतात. सातबारा, आधार, गटाचा ठराव, बँकेचं स्टेटमेंट. सगळं फोनमध्ये असतं, पण ऐनवेळी सापडत नाही. ‘डाउनलोड (१)’, ‘डाउनलोड (२)’ अशा नावांत कोणता कागद कोणाचा, कसं कळणार? मग एकीऐवजी दुसरीचा आधार जातो आणि प्रकरण परत येतं. डिजिटल सहीचा सातबारा सापडला नाही, तर पुन्हा १५ रुपये भरून काढावा लागतो.

अशी नावं का येतात?
तोच कागद दोनदा उतरवला की फोन पहिला पुसत नाही, दुसऱ्याला (१) लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या नावात बऱ्याचदा आठ आकडे असतात. २०२५०६१२ म्हणजे २०२५ सालचा सहावा महिना, १२ तारीख. मराठी नावाच्या जागी कधी टक्क्याच्या खुणांची रांग दिसते. घाबरू नका, फाइल चांगली असते, फक्त नाव बिघडलेलं असतं.

आधी शेपूट बघा
नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची इंग्रजी अक्षरं म्हणजे फाइलचं शेपूट. पीडीएफ म्हणजे कागद, जेपीजी म्हणजे फोटो, एपीके म्हणजे अ‍ॅप. नाव बदलताना शेपटाला हात लावू नका. ते पुसलं गेलं तर फाइल उघडत नाही. तेच शेपूट परत लावलं की उघडते. पण फोटोला पीडीएफचं शेपूट लावून त्याचा पीडीएफ होत नाही, हेही लक्षात ठेवा.

नाव असं बदला
१. फोनमधलं ‘फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ उघडा. ‘डाउनलोड’मध्ये जा.
२. शेपूट पीडीएफ किंवा जेपीजी असेल तर फाइल उघडून कोणाचा कोणता कागद आहे ते बघा.
३. बाहेर या, फाइलवर बोट दाबून धरा. तीन ठिपक्यांवर जाऊन ‘नाव बदला’ किंवा ‘रीनेम’ निवडा.
४. कोणाचा, कोणता, कधीचा, या क्रमाने लिहा. जसं, ‘सासूबाई-सातबारा-जून२०२५’. नावात आधार नंबर किंवा खाते नंबर घालू नका.

सावधान!
‘पीएम किसान’, ‘बँक केवायसी’ अशी ओळखीची नावं देऊन एपीके फाइल पाठवतात. नाव सरकारी दिसलं तरी शेपूट एपीके असेल तर उघडू नका, लगेच पुसा. ओळखीच्या ताईकडून आली असली तरीही! तिचाच फोन फसवणाऱ्यांच्या हाती गेलेला असू शकतो. खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

ताईंनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या फोनमधल्या पाच फाइलींची नावं नीट करून या. जिला जमणार नाही, तिला शेजारच्या ताईने शिकवायचं.

– क्षेत्र समन्वयक