काळ्या जमिनीतील चुंबकत्व आणि संशोधनाचा व्यवसाय

माती परीक्षण म्हटले म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू एवढ्याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. परंतु मातीच्या अंगी आणखी एक गुण असतो व तो कोणासही घरी पाहता येतो. ओढ्याकाठची कोरडी, बारीक काळी रेती ताटात पसरून तीत कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवावा. पुष्कळसे काळे कण त्यास चिकटून वर येतात. हे कण मॅग्नेटाइट व तत्सम लोहखनिजांचे होत. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजून ते मातीत उतरले आहेत.

चुंबकाच्या प्रभावाखाली माती किती प्रमाणात चुंबकित होते, याच्या मापास चुंबकीय प्रवणता म्हणतात. त्यासाठी माती खणावी लागत नाही की तिच्यावर रसायन घालावे लागत नाही. यंत्राची तबकडी जमिनीस टेकविली की काही क्षणांत वरच्या थराचा आकडा मिळतो. भूपृष्ठालगतच्या थरांचा अशा भौतिक मापांनी अभ्यास करणारे शास्त्र ही भूभौतिकीचीच एक शाखा होय.

फ्रान्समधील संशोधक ल बोर्न यांनी १९५५ साली असे दाखविले की, पुष्कळ ठिकाणी वरची माती खालच्या मातीहून अधिक चुंबकीय असते. जमीन आळीपाळीने ओली व कोरडी होणे, सेंद्रिय द्रव्य कुजणे आणि आग लागणे, या कारणांनी मातीत अतिसूक्ष्म चुंबकीय कण नव्याने तयार होतात. १९५८ साली ऑक्सफर्डचे मार्टिन एटकिन यांनी इंग्लंडमधील वॉटर न्यूटन येथे चुंबकमापक यंत्राने जमिनीत गाडल्या गेलेल्या रोमन काळातील कुंभारभट्ट्या हुडकून काढल्या. शेतीच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. वरची माती अधिक चुंबकीय असेल, तर उतारावर जेथे ती धुपून गेली तेथे आकडा उतरेल. जेथे पाणी दीर्घकाळ साचते, तेथेही हवेच्या अभावी लोहखनिजे विरघळून आकडा खाली येतो. म्हणजे धूप आणि चिबडपणा या दोहोंचा माग एकाच यंत्राने काढता येतो.

मात्र हे ठोकताळे ज्या जमिनींवर बसविले गेले, त्यांतील बहुतेकींचा मूळ खडक फारसा चुंबकीय नाही. महाराष्ट्रातील बेसाल्ट स्वतःच इतका चुंबकीय आहे की, वरच्या मातीत पडलेली भर त्यात झाकून जाते. धुपीमुळे मुरूम उघडा पडला, तर आकडा उतरण्याऐवजी चढूही शकतो! तेव्हा कोणता आकडा धुपीचा आणि कोणता केवळ खडकाच्या फरकाचा, हे निवडून काढावे लागते. त्याकरिता एकाच नमुन्याचे माप दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांवर घेतात, नमुना तापवून पाहतात आणि खड्डे घेऊन थर तपासतात. ही उकल परदेशातील पुस्तकावरून होणारी नव्हे. काळ्या रानात ज्याचे वा जिचे बालपण गेले, त्याला वा तिला या कामात उपजत सोय आहे.

या विद्येची येथील परंपराही जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मापे बिघडतील म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या पाषाणांतील प्राचीन चुंबकत्वावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ साली स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे.

या मार्गाने जाणाऱ्याने पदार्थविज्ञान, गणित किंवा भूविज्ञान घेऊन पदवी व पुढे भूभौतिकीची पदव्युत्तर पदवी घ्यावी. त्यानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि डॉक्टरेटसाठी सुमारे पाच वर्षे. कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. डॉक्टरेटनंतर काही वर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर काढावी लागतात आणि कायमच्या जागा थोड्याच असतात. जमीन गहाण टाकून मुलास शिकविणाऱ्या घराला ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. तथापि भूजल व भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या खात्यांतही भूभौतिकीच्या पदवीधरांची भरती होते, हेही सांगावे.

विहिरीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. चुंबकीय सर्वेक्षणाने पाणी दिसत नाही. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टमध्ये भिंतीसारखे उभे खडक घुसलेले आहेत. त्यांची रेषा मात्र या रीतीने सापडते. अशी भिंत कोठे पाणी अडविते, तर कोठे तिच्या कडेच्या भेगांतून पाणी वाहते. खरा निर्णय विद्युत्‌रोधाची मापे आणि प्रत्यक्ष छिद्र घेऊनच होतो. नुसते चुंबकाचे यंत्र फिरवून पाण्याची हमी देणाऱ्यास एक पैसाही देऊ नये.

सर्वेक्षण करणारा शेतात आला म्हणजे काटेरी तार, पंपाचे नळ, गाडलेले लोखंड यांच्या जागा त्यास आधी दाखवाव्यात. राब कोठे भाजला, जुना बांध कोठे होता, तलावातला गाळ कोणत्या साली कोठे टाकला, हेही सांगावे. या गोष्टी यंत्राला कळत नाहीत आणि त्यांच्यामुळे आकडे बदलतात. ग्रामसेवकाने ही माहिती सर्वे नंबरवार लिहून ठेवल्यास संशोधकाचे कित्येक दिवस वाचतील.