राहुलाचा आरसा आणि हायस्कूलचा विद्यार्थी

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे अस्पृश्य समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४०,००० रुपयांचे अनुदान दिले. तेथील मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. उपाशी मुलाला नुसता उपदेश देऊन भागत नाही, आणि पोट भरलेल्या मुलालाही आपले म्हणणे मांडण्यास जागा लागते, हे या वसतिगृहावरून दिसते.

आज शाळांतून ‘सामाजिक व भावनिक शिक्षण’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांच्या सामाजिक, नैतिक व भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे. विषय स्वागतार्ह आहे. परंतु वर्गात जातीवरून ज्याचा अपमान झाला, त्या मुलाला ‘राग आवर’ एवढेच शिकवायचे काय? तसे असेल तर जुन्या मुकेपणालाच नवे नाव मिळाले, असे म्हणावे लागेल.

याचे उत्तर मज्झिम निकायात आहे. अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलाला आरशाचा दाखला देतात. काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तपासावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते काय, असे स्वतःस विचारावे. वाणीने चूक घडली असेल तर ती जाणत्यापाशी उघड करावी व पुढे संयम पाळावा.

महाराहुलोवाद सुत्तात चार भावना सांगितल्या आहेत. मैत्रीने द्वेष जातो, करुणेने क्रौर्य जाते, मुदितेने असमाधान जाते आणि उपेक्षेने चिडखोरपणा जातो. येथे उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे. मनाचा तोल, हा तिचा अर्थ.

आता वर्गाकडे वळू. आरसा प्रथम टोमणा मारणाऱ्यापुढे धरला पाहिजे. नंतर हसणाऱ्यांपुढे आणि ऐकून गप्प राहिलेल्या गुरुजींपुढेही. ज्याला लागले, त्याने द्वेष सोडावा. परंतु घडलेली गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगण्याचा हक्क सोडू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी अनुयायांना शांत राहण्यास सांगितले. मात्र चवदार तळ्याचा दावा त्यांनी सोडला नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. राग ताब्यात ठेवून न्यायासाठी झटणे ते हेच.

प्रत्येक विहारात हायस्कूलच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा जमवावे, त्यांचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे आणि पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

१. या आठवड्यात माझ्या बोलण्याने कोण दुखावले?
२. अन्याय पाहून मी गप्प का राहिलो?
३. मैत्री ठेवूनही विरोध कसा करता येईल?


जयभीम!