ओस पडलेले बाक

१९३७ ते १९४६ या काळांत मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांना ब्रेबॉर्न मैदानावर प्रेक्षकांची रीघ लागे. १९३४ सालीं सुरू झालेली रणजी स्पर्धा आजही चालते; परंतु तिचे चार-पांच दिवसांचे सामने बहुधा रिकाम्या बाकांसमोर होतात. कारणें उघड आहेत. नामांकित खेळाडू देशाच्या संघांत गुंतलेले असतात, सामने कामाच्या दिवशीं येतात, आणि २००८ पासून आय. पी. एल. चा झटपट खेळ घरबसल्या पाहावयास मिळतो. जानेवारी २०२५ मध्यें विराट कोहली दिल्लीकडून रणजी सामन्यांत उतरला, तेव्हां हजारों लोक लोटले. तो बाद होतांच पुष्कळ जण परतले. म्हणजे लोक नांव पाहावयास आले होते. खेळ पाहणारे थोडेच. परंतु प्रत्येक नांव प्रथम अनोळखीच असतें. बोरीच्या मैदानावर आपला संघ उतरेल, तेव्हां पालकांनीं व तुम्हीं अवश्य जावें. पडद्याला टाळी ऐकूं येत नाहीं. मैदानावरील मुलाला येते.