लोकलगाडी आणि तिचे सेवक



गाडीस दहा मिनिटें उशीर झाला म्हणजे फलाटावर जो तो कुरकुर करूं लागतो. परंतु ती वेळेवर आली, तर त्याबद्दल कोणी चकार शब्दही काढीत नाहीं. मुंबईच्या लोकलगाड्यांनीं दररोज सुमारे ७० लाख माणसें प्रवास करतात. तुमच्यापैकीं कित्येकांचे आईवडील त्यांत असतात. ह्या गाड्या कोणाच्या श्रमानें चालतात, तें आज पाहूं.

आपल्या देशांतील उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तिला १४ डबे होते व अंतर २१ मैलांचें होतें. पुढें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईचें मुख्य स्थानक, ज्यास आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, तेथून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली. त्या काळीं डोक्यावरील तारेंत १,५०० व्होल्ट दाबाची वीज असे. आतां हा दाब २५,००० व्होल्ट आहे.

गाडीच्या अग्रभागीं मोटरमन असतो. गाडी चालतांना त्यास एक मूठ सतत दाबून धरावी लागते. त्यास अकस्मात् मूर्च्छा येऊन हात सैल पडला, तर ब्रेक आपोआप लागतात. त्याची दृष्टि सिग्नलावर खिळलेली असते. हिरवा दिवा म्हणजे मार्ग मोकळा. दोन पिवळे म्हणजे सावध. एक पिवळा म्हणजे पुढील सिग्नलाशीं थांबण्याची तयारी. आणि लाल म्हणजे थांबणें. शेवटच्या डब्यांत गार्ड असतो. २०२२ सालापासून त्यास ट्रेन मॅनेजर असें नांव मिळालें आहे. तो घंटेचे दोन ठोके देतो, मोटरमन तसेच दोन ठोके देऊन उत्तर करतो, आणि मगच गाडी हलते. दोघे एकमेकांस दिसतही नाहींत. सारा व्यवहार विश्वासावर चालतो.

उष्णतेनें पोलाद प्रसरण पावतें व थंडीनें आकुंचन पावतें, हें तुम्हीं शास्त्राच्या तासास शिकलां आहां. ह्याच कारणानें उन्हाळ्यांत रूळ वांकण्याचें व हिंवाळ्यांत त्यास तडा जाण्याचें भय असतें. म्हणून कीमन खांद्यावर हत्यारें घेऊन मैलोगणती रूळ पायीं तपासतो. रात्रीं शेवटची गाडी गेल्यावर आपण झोंपतों, तेव्हां गँगमन कंदिलांच्या उजेडांत खडी ठोकीत असतात.

ह्या साध्या माणसांचें अंतःकरण केवढें थोर असतें, ह्याचें एक उदाहरण ऐका. १७ एप्रिल २०२१ रोजीं वांगणी स्थानकांत एका दृष्टिहीन मातेबरोबर चालणारें मूल फलाटावरून रुळांवर पडलें. समोरून एक्सप्रेस गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके हे रुळांवरून त्या गाडीच्याच दिशेनें धांवले, त्यांनीं मुलास फलाटावर चढविलें आणि क्षणार्धांत स्वतः वर आले. ह्या धैर्याबद्दल रेल्वेनें त्यांस ५०,००० रुपयांचें बक्षीस दिलें. त्यांतील अर्धी रक्कम त्या मायलेकरांस देण्याचें त्यांनीं जाहीर केलें.

मित्रहो, असें साहस करण्याचा प्रसंग आपणांवर कदाचित् येणार नाहीं. परंतु ह्या सेवकांचे उपकार फेडण्याचा एक मार्ग आपल्या हातीं आहे. वेगांत असलेली गाडी ब्रेक लावतांच जागच्या जागीं थांबत नाहीं. ती शेंकडों फूट पुढें जाते. घाईनें रूळ ओलांडणारा मनुष्य समोर दिसूनही मोटरमनास त्यास वांचवितां येत नाहीं, आणि तें दृश्य त्याच्या मनांतून जन्मभर जात नाहीं. म्हणून पांच मिनिटें अधिक लागलीं तरी पुलावरूनच जा. दारांत लोंबकळूं नका. धांवती गाडी पकडूं नका. ज्या हातांनीं आपणांस इतके दिवस सुखरूप घरीं पोंचविलें, त्या हातांस आपल्या अविचाराचा डाग लागूं न देणें, हीच खरी कृतज्ञता होय.